ब्रॉयलरची करार कंपनी: खाद्य चोख, डॉक्टर वेळेवर, गाडीचं मात्र विचारू नका

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, नवीन शेड टाकणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तुमची कंपनी किलोला किती देते?" ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी, आणि जे करतात पण हिशोबाचा कागद न वाचता सही करतात त्यांच्यासाठीही, आमच्या कंपनीबद्दल सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव टाकत नाही. आमच्या सिन्नर-घोटी पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांचे सुपरवायझर फिरतात आणि करारनामे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. त्यामुळे नावापेक्षा काय तपासायचं ते कळलेलं बरं.

आमचं शेड 200 बाय 30 चं, उघड्या पद्धतीचं. पक्ष्याला 1.2 चौरस फूट जागा धरून 5000 पिल्लं बसतात. मिस्टर माळेगाव एमआयडीसीत कामाला आहेत. शेड मी आणि सासरे, म्हणजे अण्णा, बघतो. मजूर जोडपं ठेवलेलं नाही. ते ठेवलं तर 5000 च्या शेडमध्ये हातात काय उरेल ते सांगायला नको.

पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पिल्लं, खाद्य, औषधं, लस आणि डॉक्टर कंपनीचे. शेड, भांडी, तूस, ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा कोळसा, पाणी, लाईट आणि मेहनत आपली. पक्षी तयार झाला की कंपनी उचलून व्यापाऱ्याला देते आणि आपल्याला वाढवण्याची मजुरी किलोवर मिळते. पक्षी एक दिवसही आपला नसतो. बाजारात भाव 70 असो की 130, आपल्या हिशोबात तो आकडा फारसा येत नाही. ही पद्धत 1990 च्या दशकात तमिळनाडूत कोइमतूर-उदुमलपेटकडे रुजली आणि तिथून सगळीकडे पसरली. त्याआधी आपल्याकडे ज्याची त्याची कोंबडी असायची.

अण्णांनी तो मोकळा धंदा केलेला आहे. पिल्लं रोख, खाद्य उधार, माल तयार झाला की व्यापाऱ्याच्या दारात. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. नंदुरबार आमच्यापासून कितीतरी लांब, पण त्या आठवड्यात नाशिकच्या बाजारात कोंबडीकडे कुणी बघेना. आमच्या शेडमध्ये पक्षी उभा, खाद्यवाल्याचं देणं उभं. अण्णांनी शेवटी मिळेल त्या भावात माल काढला आणि पुढे बरीच वर्षं शेडमध्ये कांदा साठवला. म्हणून कराराला शिव्या घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते की 2020 च्या मार्चमध्ये तुम्ही कुठे होतात? चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा उठली, भाव पार तळाला गेला, लोकांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले. करारवाल्यांना तेव्हाही मजुरी मिळाली. उशिरा मिळाली, पुढची पिल्लंही लांबली, पण घरावर कर्ज चढलं नाही. कंपनीच्या पारड्यात हे वजन टाकूनच पुढचं लिहिते.

आता पिल्लं. हा मामला नशिबाचा आहे. पिल्लांची गाडी पहाटे येते, एका खोक्यात 100 पिल्लं आणि वर दोन जादा. चांगलं पिल्लू 42-45 ग्रॅमचं असतं, पाय चकचकीत, बेंबी कोरडी, खोकं उघडलं की गलका. पण कधी कोवळ्या कोंबड्यांच्या अंड्यांची पिल्लं येतात, 36-37 ग्रॅमची, आणि मग पहिला आठवडा आपण कितीही जागा, ती मागेच राहतात. मी दरवेळी वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दहा खोक्यांचं वजन करते आणि चलनावरच लिहून ड्रायव्हरची सही घेते. पहिल्यांदा सुपरवायझर सर हसले होते. पण सातव्या दिवशी वजन कमी निघालं आणि "वहिनी, ब्रूडिंग कमी पडलं" असं सुरू झालं, तेव्हा तो कागद पुढे केला. चांगलं पिल्लू सात दिवसांत आपल्या वजनाच्या चार-साडेचारपट होतं. 37 ग्रॅमचं पिल्लू त्या हिशोबानेही 160 च्या आसपासच राहणार आणि त्यांच्या तक्त्यात अपेक्षा 190 ची. खराब पिल्लांची भरपाई करारात आहे, पण फक्त पहिल्या आठवड्यात मरतूक ठराविक टक्क्यांच्या वर गेली तर. जगलेल्या बारक्या पिल्लाची भरपाई कुठेच नाही. ते रोज खातं, वाढत मात्र नाही.

खाद्याला पूर्ण गुण. हे मनापासून लिहिते, कारण खाद्यात मारणाऱ्या कंपन्यांचे किस्से आम्ही लग्नाकार्यात ऐकतो. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, तिन्ही वेळेवर येतं. पोतं 50 किलोचं, ते 50 चंच भरतं. मी अधूनमधून काट्यावर चढवून बघते. कांडी टणक असते, पोत्याच्या तळाशी भुगा कमी. पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते आणि तेच खाद्यात आलं तर पक्षी पातळ हगतो, लिटर, म्हणजे खाली पसरलेलं तूस, ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात. एका पावसाळ्यात असं एक खाद्य आलं होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नमुना घेतला आणि दोन दिवसांत उरलेली पोती बदलून दिली. बदलून देताना तोंड वाकडं केलं नाही हेही सांगायला हवं. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रिकामी पोती मोजून परत द्यावी लागतात, उंदराने कुरतडलेलं पोतंही हिशोबात धरलं जातं. ती चुलीत घालू नका.

डॉक्टरही चांगले आहेत. आठवड्याला एक फेरी नक्की, मरतूक वाढली तर त्याच दिवशी. मेलेला पक्षी पोत्यावर ठेवून आमच्यासमोर फाडतात आणि दाखवतात: ही काळजावर पांढरी साय, ही श्वासाची भानगड, हे आतड्यात रक्त, ही कॉक्सी (आतड्यातल्या परजीवीचा रोग), हे पोटात पाणी, म्हणजे रात्री पडदे पूर्ण लावून हवा कोंडली. अण्णा त्या फाडाफाडीपासून लांब राहतात. मी शिकून घेतलं. औषधं लेबलसकट येतात, पुडी बांधून आलेली पावडर या कंपनीने कधी दिली नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक 2019 मध्ये सरकारने बंद केलं, ते यांच्या यादीतून खरोखर गेलं आहे.

लसीचा दिवस मला आवडतो, कारण त्या दिवशी काम नीट झालं की नाही हे डोळ्याने दिसतं. पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात थेंब टाकून होते. गंबोरो रोगाची लस बाराव्या ते चौदाव्या दिवशी पाण्यातून. आदल्या रात्रीपासून टाकीत औषधी पाणी नाही, क्लोरीन तर अजिबात नाही. सकाळी सहाला ड्रिंकर वर बांधून टाकायचे आणि तास-दीड तास पक्षी तहानलेला ठेवायचा. बादलीत दूध पावडर कालवायची, लसीची कुपी बर्फाच्या डब्यातून काढून पाण्याखालीच उघडायची आणि त्यात निळा रंग घालायचा. मग सगळे ड्रिंकर एकदम खाली. पक्षी असा तुटून पडतो की कडेच्या पक्ष्यांना हाताने आत ढकलावं लागतं. अर्ध्या तासाने शेडच्या चारी कोपऱ्यांतले पक्षी धरून चोच उघडायची. जीभ निळी तर लस पोटात गेली. आमचे सर ही तपासणी स्वतः करतात, गाडीत बसून वहीत टिक मारत नाहीत. इथे कंपनीची यंत्रणा दिसते आणि ती चांगली आहे.

कंपनीचं एक ॲप आहे. सुपरवायझर त्यात मरतूक, खाद्याचा वापर, वजन आणि शेडचा फोटो टाकतात. मलाही ते फोनवर दिसतं. ॲप पूर्ण इंग्रजीत आहे, अण्णांना काही कळत नाही. पण आकडे तेवढे वाचता येतात आणि रोजच्या रोज दिसतात, त्यामुळे शेवटी हिशोबात "खाद्य जास्त गेलं" असं कुणी म्हणू शकत नाही. माझी वही वेगळी आहेच. दोन्ही जुळतात का ते दर रविवारी बघते.

इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई कंपनीची एजंट आहे. आता तयार पक्षी उचलायला येणाऱ्या गाडीचं सांगते.

तुमची मजुरी एफसीआरवर ठरते, म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं त्यावर. हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेते. 5000 पिल्लं आली, 200 मेली. 4800 पक्षी 38 व्या दिवशी सरासरी 2.250 किलोने गेले, म्हणजे 10,800 किलो. खाद्य लागलं 17,280 किलो. भागाकार 1.60. उघड्या शेडला हा आकडा चांगला आहे, यावर कुणी भांडणार नाही.

आता समजा एप्रिल आहे आणि गाडी 38 ऐवजी 43 व्या दिवशी आली. पक्षी तयार आहे, पण बाजार पडलेला आहे. चतुर्थी, एकादशी आली की खप खाली बसतो. भाव दोन-चार रुपयांनी चढेल अशी कंपनीला आशा असते, किंवा व्यापाऱ्याला अडीच किलोचाच माल हवा असतो. तंदूरवाल्या हॉटेलांना सव्वा किलोचा पक्षी लागतो, मुंबईच्या दुकानांना मोठा. कोणाला कधी काय पाहिजे ते कंपनी ठरवते, आपल्याला कोणी विचारत नाही. त्या पाच दिवसांत उन्हामुळे पक्षी दिवसाला 170 ग्रॅम खातो आणि 60 ग्रॅम वाढतो. बाकी ताकद धापा टाकण्यात जाते. पाच दिवसांत 4800 पक्ष्यांनी 4,080 किलो खाल्लं, म्हणजे जवळपास 82 पोती, आणि वाढले 1,440 किलो. नवा भागाकार 21,360 भागिले 12,240, म्हणजे 1.745.

कंपनी म्हणते, आम्ही मोठ्या वजनाची सूट देतो. देते, खोटं नाही. सगळे आकडे 2 किलो वजनावर आणून तुलना करते, दर किलो फरकाला 0.25 धरून. पण तेही करून बघा. पहिला आकडा 1.60 चा 1.54 होतो. दुसरा 1.745 चा 1.61. सूट देऊनही सात पॉइंट माझ्या नावावर चढले, आणि ते पाच दिवस माझ्या हातात नव्हते. माझ्या करारात तेवढ्या फरकाने किलोमागे 1.10 रुपये कमी होतात. मूळ दर 7 रुपये धरला तर वाढलेल्या 1,440 किलोचे 10,080 रुपये जास्त दिसतात, पण एकूण 12,240 किलोवर 1.10 ने 13,464 रुपये जातात. म्हणजे पाच दिवस जास्त राबून, लाईट जाळून, छपरावर पेंढा भिजवून, फॉगर चालवून, हातात 3,384 रुपये कमी.

यात त्या पाच दिवसांत मेलेले पक्षी धरलेलेच नाहीत. मोठा पक्षी उन्हाने दुपारी दोन ते पाचच्या मध्ये जातो. दहा दिवसांचं पिल्लू मेलं तर हिशोबात फरक पडत नाही, अडीच किलोचा पक्षी मेला तर चार किलो खाद्य खाऊन मेलेला असतो आणि ते सगळं उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं. बक्षिसाचं गणित तर वयानेच भागलेलं आहे. जगलेल्यांची टक्केवारी गुणिले वजन, भागिले एफसीआर गुणिले दिवस, आणि आलेल्या उत्तराला 100 ने गुणायचं. पहिल्या आकड्यांना ते 355 येतं, दुसऱ्यांना 326. आमच्याकडे बक्षीस 340 च्या वर लागतं. गाडी कधी आली यावर माझं बक्षीस ठरतं.

मी हे सगळं कागदावर मांडून शाखेत गेले होते. मॅनेजर साहेब बोलायला चांगले, चहा दिला, कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे तुमचं, पण मार्केट आमच्या हातात नाही." मी म्हटलं, "साहेब, मार्केट तुमच्या हातात नाही म्हणून तर आम्ही करारात आलो. मग मार्केटचा भार आमच्या एफसीआरवर का?" यावर उत्तर मिळालं नाही. मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी एक केलं: 41 व्या दिवसानंतर उचललेल्या मालाला किलोमागे थोडा जादा दर. कागदावर नाही, शाखेच्या तोंडी आदेशावर. दिला मात्र. तो करारात लिहून द्या हे माझं मागणं अजून तसंच पडून आहे.

गाडी आली की रात्रीचं वजन. नव्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाडी दहाला येणार म्हणून सांगतात, आपण सहाला खाद्याची भांडी वर उचलतो, आणि गाडी येते दीडला. मधल्या वेळेत पक्षी उपाशी, तासातासाने वजन उतरतं. आता मी गाडी नांदूर शिंगोट्याला किंवा घोटीला पोहोचल्याचा ड्रायव्हरचा फोन आल्याशिवाय भांडी उचलत नाही. सुपरवायझर कुरकुरतात, पण त्यांनाही माहीत आहे.

काटा इलेक्ट्रॉनिक, कंपनीचा. त्यावर वैधमापनचा शिक्का वर्षाच्या आतला आहे का ते आधी बॅटरी मारून बघायचं. मग मी आमचं 20 किलोचं शिक्क्याचं वजन ठेवते. काटा 20 दाखवतो, सगळे हसतात, काम सुरू होतं. खरी मेख क्रेटमध्ये आहे. गाडी धुऊन आलेली असते, क्रेट ओले असतात. पहिला ओला क्रेट ठेवून वजन वजा करून घेतात आणि तेच वजन रात्रभर वजा होत राहतं. पण वारं लागून क्रेट सुकतात, हलके होतात. क्रेटमागे फक्त 200 ग्रॅमचा फरक धरला आणि एका क्रेटमध्ये दहा पक्षी धरले, तर 480 क्रेटला 96 किलो. तेवढा माल आपण फुकट दिला, वर एफसीआर दीड पॉइंटने चढला तो वेगळाच. यात कुणाची लबाडी असते असं मी म्हणत नाही, रात्री दोनला सगळ्यांनाच घाई असते. उपाय सोपा आहे: दर 50 क्रेटला रिकामा क्रेट पुन्हा चढवायचा. पहिल्यांदा व्यापाऱ्याची पोरं चिडली. कंपनीच्या माणसाने माझी बाजू घेतली आणि आता आमच्या फार्मवर तसंच होतं. वजनाच्या बाबतीत कंपनी वाईट नाही, पण मागितल्याशिवाय देत नाही.

हिशोब पंधरा दिवसांत येतो. आमच्या जाऊबाईंच्या भावाचं शेड संगमनेरकडे आहे, वेगळ्या कंपनीकडे. त्यांना महिना-सव्वा महिना थांबावं लागतं, त्या मानाने हे चांगलं. कागदावर पिल्लांचा, खाद्याचा, औषधांचा भाव लावलेला असतो. हे भाव पुस्तकी आहेत, बाजाराचे नाहीत. त्यावरून तुमचा किलोचा उत्पादन खर्च काढतात आणि ठरलेल्या खर्चापेक्षा कमी आला तर वाढीव दर, जास्त आला तर कपात. पुस्तकी भाव बॅचच्या मध्ये बदलला का, एवढं बघा. आमच्याकडे एकदा औषधांच्या रकमेत शेजारच्या फार्मचं टॉनिक लागलं होतं. दाखवल्यावर पुढच्या हिशोबात वळतं केलं. 1 टक्का टीडीएस कापतात, पॅन द्या आणि रिटर्न भरून परत मागा. हे उत्पन्न आयकरात शेतीचं धरत नाहीत हे लोकांना नोटीस आल्यावर कळतं. लाईटचा मीटर मात्र "शेती-इतर" मध्ये बसतो. व्यापारी दराने बिल येत असेल तर महावितरणच्या ऑफिसात अर्ज करा.

करारनामा इंग्रजीत, सोबत दोन कोरे चेक. ही सगळ्याच कंपन्यांची रीत आहे असं सांगतात, आणि बहुतेक खरंच असेल. मी पुतण्याकडून ओळ न ओळ वाचून घेतलं. पक्ष्यांची चोरी झाली, शेड पडलं, मालक पक्षी विकून पळाला तर काय, याला तीन पानं आहेत. कंपनीने पिल्लं दिलीच नाहीत तर काय, याला एक ओळही नाही.

त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत श्रावणात कळते. आखाडात मागणी फुटते, शेड रिकामी होतात, आणि मग श्रावणात विकला जाईल असा माल कंपनी कमी टाकते. गणपती, पुढे नवरात्र. दोन बॅचमध्ये शेड धुऊन, चुना मारून, पंधरा दिवस रिकामं ठेवावं हे शास्त्राला धरून आहे, रोग तुटतो. पण पंधराचे पस्तीस झाले की ते शास्त्र राहत नाही, बेकारी होते. करार करताना वर्षाला सहा बॅच सांगितल्या होत्या, पदरात पाचच पडतात. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. म्हणून कुणी मला किलोचा दर सांगायला लागलं की मी विचारते, वर्षाला बॅच किती? किलोला 50 पैसे जास्त देणारी पण वर्षाला साडेचार बॅच देणारी कंपनी कमी दराच्या कंपनीपेक्षा महाग पडते. बॅचमागे 10,800 किलो धरून तुम्हीच करून बघा.

सध्या शाखेचा आग्रह आहे की शेड ईसी करा. म्हणजे बंदिस्त शेड, एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, आतली हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. त्याच जागेत 9000 पक्षी बसतात आणि एप्रिलचं दुखणं जातं, हे मान्य. पाहून आले मी एक, आत गेल्यावर बाहेर ऊन आहे हे विसरायला होतं. पण उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर अर्ध्या तासात शेड आडवं होतं. पंखे, पॅड, जनरेटर, कर्ज, प्रदूषण मंडळाची संमती, ग्रामपंचायतीचा दाखला, सगळं माझ्या नावावर. कंपनी पाच वर्षांचा लेखी शब्द द्यायला तयार आहे का, विचारलं. "आपलं घरचं नातं आहे, वहिनी." घरच्या नात्यात कोरे चेक कशाला लागतात, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

पैशाचं सरळ सांगते. बरी बॅच झाली तर 70-75 हजार मजुरी येते. त्यातून घोटीच्या भातगिरणीचं तूस, कोळसा, लाईट, फवारणी, गाडी भरायच्या रात्रीचा चहा-वडापाव. खताच्या ट्रॉल्या निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले घेऊन जातात, त्यांचे पैसे तूस आणि कोळशाचा खर्च जवळपास भरून काढतात. खत आपलंच राहील हे करारात बघून घ्या, काही ठिकाणी त्यावरही डोळा असतो. घरच्या दोन माणसांची मेहनत फुकट धरली तर हप्ता जाऊन थोडं उरतं. थंडीतल्या बॅचला जास्त, उन्हाळ्यातल्या बॅचला जेमतेम. यावर बंगला बांधल्याचे व्हिडिओ फिरतात, ते 25-30 हजार पक्ष्यांच्या फार्मचे असतात, किंवा मग जमीन विकलेली असते.

तर ज्यांना यात यायचं आहे त्यांनी कंपनीच्या ऑफिसात जाण्याआधी तिच्याकडे असलेल्या चार फार्मवर जावं, तेही सुपरवायझरला न सांगता. किलोचा दर विचारू नका, तो फुगवूनच सांगतात. मागच्या एप्रिल-मे मध्ये गाडी कितव्या दिवशी आली, श्रावणात शेड किती दिवस रिकामं होतं, आणि हिशोबाचा कागद किती दिवसांनी हातात पडला, एवढं विचारा आणि तो कागद डोळ्याने बघा. जो कागद दाखवायला कां-कूं करतो त्याची बॅच गेलेली असते.

मी ही कंपनी सोडणार आहे का? सध्या नाही. दुसऱ्या एका कंपनीचे साहेब किलोला 40 पैसे जास्त घेऊन दारात येऊन गेले, पण उन्हाळ्यातल्या गाडीचं विचारल्यावर तेही मार्केटवरच गेले. मग ओळखीचा डॉक्टर आणि चोख खाद्य का सोडा? खाद्याला पाचपैकी पाच, डॉक्टरांना साडेचार, पिल्लांना तीन, हिशोबाला साडेतीन. करारनाम्याला दीड, तोही खत आमचं ठेवलं म्हणून. गाडीला हिवाळ्यात चार, आणि मार्च ते जूनमध्ये एक.